मे महिन्याचा किल्ला

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा कोल्हापुरातली निम्मी पोरं कोपरापर्यंत चिखलात असतील. शिवाजी पेठ घ्या, मंगळवार पेठ घ्या, नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या अपार्टमेंटचं पार्किंग घ्या. दगडविटांवर पोतं टाकलेलं, पोत्यावर लाल मातीचा गिलावा, कडेनं मोहरी-अळीव पेरलेला आणि महादरवाजा कुठल्या अंगाला करायचा यावरून भांडण पेटलेलं. किल्ला पन्हाळा असेल तर भांडण जास्तच, कारण खरा पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे आणि प्रत्येकानं तो पाहिलेला आहे. शाळा बंद असते, पोरं दिवसभर घराभोवतीच घुटमळत असतात, तरीही दिवाळीत एकही आई 'यांना घरात कसं रमवू' म्हणून कुणाला विचारत नाही. चिखलाच्या पायानं स्वयंपाकघरात येऊ नका, एवढंच तिचं मागणं असतं.

तीच आई मे महिन्यात हवालदिल होते. तीच पोरं, तेच घर, पण सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी 'आई, कट्टाळा आला' सुरू होतं आणि जूनच्या मध्याला शाळा उघडेपर्यंत थांबत नाही. कोल्हापूर संस्थानाला एके काळी पोरं घरातनं ओढून शाळेत न्यावी लागली होती. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आज सुट्टीतही शाळा चालू ठेवतो म्हटलं तर पालक आपणहून पैसे घेऊन रांगेत उभे राहतील. खरं तर उभे आहेतच. एप्रिल उजाडला की चौकाचौकांत हस्ताक्षर, अबॅकस, स्केटिंग, नृत्य आणि 'व्यक्तिमत्त्व विकास' यांच्या शिबिरांचे फलक लागतात. त्या शिबिरांशी माझं वैर नाही. दोघंही नोकरीवर जाणाऱ्या घराला तेवढीच उसंत मिळते. पण शिबिर दोन तासांचं असतं आणि पोराचा दिवस चौदा तासांचा.

दिवाळीत काय असतं जे मे महिन्यात नसतं? किल्ल्याला तारीख असते. वसुबारसेच्या आत बुरूज उभे राहिलेच पाहिजेत आणि अळीव चार दिवस आधी पेरला नाही तर किल्ला उघडाबोडका दिसणार. किल्ला बघायला माणसं येतात. शेजारच्या गल्लीतली पोरं तर मुद्दाम खोड्या काढायलाच येतात. कुंभाराकडून मावळे आणायचे तर पैसे मोजावे लागतात, ते मोठ्यांकडून काढावे लागतात. आणि बिघडलं तर खरंच बिघडतं, कुत्रं चढलं की तट ढासळतो. मे महिन्यात आपण पोरापुढं खेळण्यांचा ढीग टाकतो, पण त्यातल्या एकाही खेळण्यावाचून घराचं काही अडत नाही, हे त्याला पक्कं कळत असतं.

उन्हाळ्यातही असा किल्ला होता. त्याचं नाव वाळवण.

ज्यांचं लहानपण कोल्हापूरच्या पेठांमधल्या जुन्या घरांत किंवा भुदरगड-राधानगरीकडच्या गावात गेलं, त्यांना कुरडयांचं वेळापत्रक आजही तोंडपाठ असेल. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास सुटतो आणि पोरं नाक धरून पळतात. मग गहू वाटायचे, कोंडा पिळून टाकायचा, चीक गाळून रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे वरचं पाणी अलगद ओतायचं आणि ऊन चढायच्या आत मोठ्या पातेल्यात चीक शिजवायचा. तो ढवळायला ताकद लागते, म्हणून ते काम बायकांचं. पण सोऱ्यातनं कुरडई पडली की ती कुठल्या रांगेत पडली, किती झाल्या, कुठली वाकडी झाली याचा हिशेब पोरांकडं. मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक, कुणाला दूध-साखर घालून, कुणाला तेल-मीठ घालून. पापडाच्या दिवशी मजुरीचा दर वेगळा. उडदाच्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून खायच्या, आणि किती खाल्ल्या ते आज्जीला कळू द्यायचं नाही. कळत असेच. पीठ भिजवतानाच तिनं तेवढं धरलेलं असायचं.

मग राखण. माळवदावर किंवा अंगणात धोतराच्या जुन्या पानावर सांडगे, भातोड्या, पापड मांडलेले, कोपऱ्यात काळी छत्री उलटी ठेवलेली आणि हातात काठी घेऊन बसलेला आठ-नऊ वर्षांचा पहारेकरी. कावळा येतो, चिमण्या येतात, शेजारचं मांजर येतं, आणि सगळ्यांत जास्त नुकसान पहारेकरीच करतो, कारण अर्धवट वाळलेला सांडगा हा पृथ्वीतलावरचा एक उत्तम पदार्थ आहे. दुपारी तीनच्या सुमारास सगळं उलटायचं. चारला पश्चिमेकडं काळं दिसायला लागलं की घरातली सगळी माणसं एकदम जिन्यावर. कोल्हापुरात वळीव सांगून येत नाही. त्या पाच मिनिटांत जी धावपळ होई तिच्याइतका थरार कुठल्याही शिबिरात विकत मिळणार नाही. आणि सगळं आत घेऊन झाल्यावर गारा वेचायला मोकळीक.

नाजूक कामं वेगळी. लग्नघर असेल तर रुखवतासाठी गव्हले, मालत्या, नखुल्या, फणुल्या करायच्या. फणुलीसाठी नवी कोरी फणी लागते: कणकेची चिमूटभर गोळी फणीच्या दात्यांवर ठेवून अंगठ्यानं दाबत पुढं लोटली की तिच्यावर रेघा उठतात आणि ती गुंडाळली जाते. मोठ्या माणसाचा अंगठा यात अडाणी ठरतो. सात-आठ वर्षांच्या पोरीला हे काम द्या, तासभर मान वर करणार नाही. चटणीच्या दिवशी मात्र पोरांना हाकलून दिलं जाई. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, शिवाय खोबरं, तीळ, धणे, लसूण, कांदा; मिरच्या तव्यावर पडल्या की सगळी गल्ली शिंकायची. कांडपाच्या दुकानातल्या रांगेत डबा धरून बसायला तेवढं एखादं पोर लागे.

या आठवणी सांगताना एक गोष्ट आपण सोयीनं गाळतो. वाळवणात मुली होत्या. मुलगे बऱ्याचदा पाठीला डबा बांधून विहिरीवर नाहीतर पंचगंगेच्या घाटावर. मुलीची सुट्टी म्हणजे सासरची तयारी, असा हिशेब उघड बोलला जाई. म्हणून ज्यांना ते दिवस परत आणायचे असतील त्यांनी आधी मुलग्याच्या हातात सोऱ्या द्यावा. आणि दुसरी गोष्ट, मदत कुठं संपते आणि राबवणं कुठं सुरू होतं, ही रेघ बारीक आहे. इचलकरंजीत मागावरच्या घरांतली पोरं कांड्या भरत मोठी झाली, तीही 'घरचीच मदत' म्हणवली जात होती. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तिनं १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी घातली. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, काम धोक्याचं नसेल तर, घरच्यांना आणि घरच्या धंद्यात मदत करायची मुभा ठेवली. त्या मुभेवर तेव्हा बरीच टीका झाली आणि ती रास्त होती, कारण घरचा धंदाच ज्याच्या पोटाचा आधार आहे त्या घरात सुट्टी ही सुट्टी राहत नाही. वीटभट्टीवरच्या पोराला कुणी 'तुला कसं रमवू' असं विचारत नाही. हा लेख ज्या घरांसाठी आहे त्या घरांत निदान एवढी खूणगाठ बांधता येईल: पोराला काम मधेच टाकून उठून जाता आलं पाहिजे.

आता घरं बदलली. कुरडया-पापड बचत गटाकडून येतात, चटणी किलोवर मिळते, आणि अपार्टमेंटच्या गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरीकडं, सेक्रेटरी गावाला. तरीही एक किलो गव्हाच्या कुरडया बाल्कनीत बसतात. अट एकच, काम पोराला अख्खं द्यायचं. 'ये, जरा हात लाव, फोटो काढू' असल्या लुटुपुटूच्या मदतीला पोरं दहा मिनिटांत विटतात. गहू आणण्यापासून डब्यावर तारीख लिहून चिकटवण्यापर्यंत ती जबाबदारी त्याची, आणि आषाढात बाहेर पाऊस कोसळत असताना पाहुण्यांच्या ताटात ती कुरडई पडली पाहिजे. वाकडी असली तरी.

वाळवण सकाळचं. खरा प्रश्न दुपारचा, बारा ते चार. एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ अंशांवर गेला की बाहेर सोडता येत नाही, मोठ्यांना पडायचं असतं. या चार तासांसाठी आपल्या लोकांनी फार पूर्वीच तोडगा काढून ठेवलाय, तो म्हणजे पत्ते. पत्त्यांना आपल्याकडं उगीच बदनाम केलंय. तीन माणसं असली की पाच-तीन-दोन: चारही रंगांतले एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतचे २८ पत्ते आणि इस्पिक-बदामच्या दोन सत्त्या, असे ३०, प्रत्येकी दहा. हुकूम बोलणाऱ्यानं पाच हात करायचे, एकानं तीन, वाटणाऱ्यानं दोन. कमी पडले तर पुढच्या डावात समोरचा तुमच्या पानांतनं पत्ते ओढून घेणार. म्हणजे पराभव इथं संपत नाही, तो उसनवारीनं पुढच्या डावात येतो, आणि सूड घ्यायची सोय खेळाच्या नियमातच आहे. तिसरीतल्या पोराला उसने-हातचे समजत नसतील तर त्याला आज्जीबरोबर पाच-तीन-दोनला बसवावं.

बदाम सात हा त्याहून धूर्त खेळ. हातात पान असून ते अडवून धरायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. मेंढीकोटात दश्श्या पकडायच्या, चारही पकडल्या की कोट. जोडीदाराला डोळ्यांनी खुणवायचं नाही असा नियम, आणि तो पाळलेला कुणी पाहिलेला नाही. दोघंच असतील तर भिकार-सावकार, ज्यात अक्कल लागत नाही, म्हणून पाच वर्षांचं पोरही आजोबांना भिकेला लावू शकतं. घरातल्या बाकी सगळ्या व्यवहारांत थोर-लहान ही उतरंड असते. गुलामचोरात ती मोडते. चोर आजोबा ठरले की त्यांना घरभर 'चोर' म्हणायचं, आणि त्यांनी ते ऐकून घ्यायचं.

पत्त्यांवरनं एक उद्योग सुचतो, तो मे महिन्यातच जमेल असा आहे. इथनं घाट उतरलं की सावंतवाडी. तिथला गंजिफा प्रसिद्ध: गोल, हातानं रंगवलेली, लाखेचं रोगण दिलेली पानं. दशावतारी गंजिफात १२० पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. आता लग्नसराईत घराघरांत जाड, चकचकीत लग्नपत्रिकांची चळत साठलेली असते. गणपती छापलेला असतो म्हणून टाकवत नाही, आणि ठेवून करायचं काय ते सुचत नाही. गणपती सांभाळून बाजूला ठेवावा आणि उरलेल्या पुठ्ठ्यावर वाटी पालथी घालून गोल कापावेत. चार रंगांचे ४८ गोल झाले तरी खेळायला पुरे. रंग कुठले घ्यायचे ते पोरांवर सोडावं. कोल्हापूरची पोरं एक रंग कुस्तीचा घेणार, एक फुटबॉलचा, एक तांबड्या-पांढऱ्याचा, आणि चौथ्यासाठी मारामारी करणार. त्यातला राजा कोण, वजीर कोण, यावर एक आख्खी दुपार जाते. रंगवण्यात दोन दिवस. मग खेळताना लक्षात येतं की पाठीमागून ओळखू येणारी पानं असली तर डाव लागत नाही, म्हणून सगळ्यांच्या पाठी एकसारख्या करायला पुन्हा बसावं लागतं. हे आधी सांगू नये.

दुसरा उद्योग अंधाराचा. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा याच गावात स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२९ साली प्रभातची स्थापनाही इथलीच. हा इतिहास पोरांना भाषणात सांगून उपयोग नाही. रस्त्याकडची एक खोली निवडावी, समोर भर ऊन पडलेलं हवं. खिडकीला फ्रीजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा लावावा, फटी चिकटपट्टीनं बुजवाव्यात, दाराखाली टॉवेल अंथरावा. पुठ्ठ्याच्या मधोमध सेंटीमीटरभराचं भोक. पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि भोकासमोर चार-पाच फुटांवर पांढरी चादर धरावी. चादरीवर समोरचा रस्ता उमटतो, रंगीत आणि उलटा. रिक्षा वरच्या अंगाला चाकं करून जाते, ती बाहेर डावीकडं गेली तर आत उजवीकडं. उजेड सरळ रेषेत येतो, वरचा खाली जातो आणि खालचा वर, एवढंच त्यामागचं शास्त्र. भोक बारीक केलं तर चित्र रेखीव पण मंद, मोठं केलं तर उजळ पण पुसट; हा झगडा पोरं आपापला शोधून काढतात. मग एकजण रस्त्यावर नाचायला जातो आणि बाकीचे आत बसून त्याचा सिनेमा बघतात. नंतर खाली जाणाऱ्याची पाळी लावावी लागते.

तिसरा उद्योग, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब, ही अरविंद गुप्तांची देणगी. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेला हा इंजिनिअर पुण्याच्या टेल्कोत असताना १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण प्रकल्पात गेला आणि खेळण्यांचा होऊन बसला. व्हॉल्व्हट्यूबचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करायचे, दोन्ही बाजूंनी काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होतो. सायकल दुकानात ट्यूब अजून मिळते. काड्यांचं गूल आधी खरवडून टाकावं, एवढीच काळजी.

मोबाइलविषयी काही न लिहिता हा लेख संपवला तर वाचक हसतील. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय की वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळाच मोबाइलमध्ये शिरली. त्या उन्हाळ्यात सगळी घरं एकदम मे महिन्यात अडकली. दूरदर्शननं २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लावलं, माळ्यावरचे कॅरम बोर्ड खाली आले, २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर शाळेच्या पोरांसाठी 'टिलीमिली' सुरू झालं. यातलं 'रामायण' आणि 'टिलीमिली' हाही पडदाच होता, पण त्याला वेळ होती, आणि बघायला घरातली चार माणसं एकत्र बसत. हातातल्या मोबाइलला वेळ नाही आणि शेजारी कुणी नाही. मला वाटतं, मिनिटं मोजण्यापेक्षा हा फरक जास्त महत्त्वाचा आहे. कोल्हापुरात 'चिल्लर पार्टी' ही विद्यार्थी चित्रपट चळवळ पोरांना एकत्र बसवून शाहू स्मारक भवनात देशोदेशीचे बालचित्रपट फुकट दाखवत आली आहे. सिनेमा संपल्यावर त्यावर बोलणंही होतं. तेच घरी करता येतं. आठवड्यातनं एक सिनेमा, ठरलेल्या वारी, शेजारच्या पोरांना बोलावून, भडंग करून, आणि तिकिटं पोरांनीच कापून. मात्र त्या दीड-दोन तासांत मोठ्यांचे मोबाइलही दुसऱ्या खोलीत हवेत. अडचण इथंच येते.

वाचनाचं थोडक्यात. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावात आहे, आणि १९७१ च्या बालदिनी सुरू झालेल्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. आई किंवा बाबा ज्या वर्षी पाचवीत होते त्या वर्षाचा अंक पोराबरोबर उघडावा. त्यातलं कोडं बापाला सुटत नाही असं दिसलं की पोराचा रस वाढतो.

राहिला प्रश्न गर्दीचा. कोल्हापूर हे पुण्या-मुंबईच्या कित्येक पोरांचं मामाचं गाव. रेल्वे इथं १८९१ साली आली. तेव्हापासून आजच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसपर्यंत या गावानं सुट्टीतली किती भाचरं उतरवून घेतली असतील! एका घरात आठ-दहा पोरं, चार वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची, आणि मोठी धाकट्यांना सांभाळणार, म्हणजे छळणार. रमवण्याचं निम्मं काम त्या गर्दीतच होऊन जाई. आता दोन भाचरं येतात, तीही चार दिवस, मधे त्यांचा कोडिंगचा क्लास. गर्दी विकत मिळत नाही, पण उसनी मिळते. एका इमारतीतल्या पाच घरांनी एकेक दुपार वाटून घेतली, सोमवारी पहिल्या मजल्यावर, मंगळवारी दुसऱ्यावर, तर प्रत्येक घराला आठवड्यातनं एकच दुपार गोंगाट आणि चार दुपारी शांतता. ज्या घरी जे असेल ते: एका ठिकाणी कॅरम, एका ठिकाणी अंधारी खोली, एका ठिकाणी पत्ते शिकवणारी आज्जी. आज्जी असलेल्या घराला मागणी जास्त येते, तिथं तिचीही मर्जी विचारावी. वेगवेगळ्या वयाची पोरं मुद्दाम एकत्र ठेवावीत. सगळी एकाच इयत्तेतली आली की तासाभरात टक्केवारी निघते.

वाळवण करायचं ठरलं असेल तर मात्र उशीर नको. पूर्वी अक्षय तृतीयेच्या पुढंमागं सावकाश चालायचं, आता वळवाचा भरवसा नाही. २०२५ साली मे महिन्याच्या मध्यापासूनच पाऊस झोडपत होता आणि २६ मेला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. ज्यांनी पापड महिन्याच्या शेवटावर टाकले होते त्यांनी ते पंख्याखाली वाळवले आणि त्यातल्या बऱ्याच पापडांना बुरशी आली. म्हणून परीक्षा संपली की त्याच आठवड्यात गहू भिजत घालावेत. १ मेला घातले तर ४ मेच्या पहाटे चीक शिजवता येतो. सोऱ्या आदल्या दिवशी माळ्यावरनं काढून बघावा, त्याची कुरडईची चकती हमखास हरवलेली असते.